मशीनचं तोंड

३ एप्रिल, राजापेठ

मामानं आज डायरी दिली. बियाण्याच्या कंपनीची आहे, वर कापसाचं बोंड छापलंय. म्हणाला, रोज केलेलं काम लिहीत जा, म्हणजे निदान तुला तरी कळेल की काही केलं का नाही.

मामा म्हणजे ओमप्रकाश, आईचा भाऊ. त्याचं इथं अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वर ट्यूशन क्लास, खाली आम्ही. क्लास सुटला की पोट्ट्यांच्या गाड्या दारासमोरून निघेपर्यंत गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही. ITI मी अर्धं सोडलं. मग डीजेवाल्यासोबत फिरलो, मग मोबाइल टॉवरच्या कामावर होतो, तिथं उंचीची भीती नव्हती पण ठेकेदाराची होती. तेल्हाऱ्याला बाप झेंडू आणि फुलकोबी करतो, ते तर मी सुरूच केलं नाही, म्हणून सोडलं असं म्हणता येत नाही.

मामाचं म्हणणं एवढंच आहे: एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत करून दाखव. मग पुढचं बोलू.

काम असं. पूर्वी कॉम्प्युटरात फ्लॉपी घालायचे, प्लास्टिकची, चौकोनी, बिस्किटापेक्षा जरा मोठी. कॉम्प्युटरवाल्यांनी ती कधीच सोडून दिली, पण जुन्या मोठ्या मशिनी अजून तीच मागतात. आता धड फ्लॉपी मिळत नाही, धड ड्राइव्ह मिळत नाही. त्यावर एक डबी निघाली आहे, अगदी ड्राइव्हच्या मापाची. ड्राइव्ह काढायची, त्या भोकात डबी बसवायची, डबीला पेन ड्राइव्ह लावायचा. मशीनला वाटतं आपण फ्लॉपीच वाचून राहिलो. म्हणजे मशीन फसते. मला हे फार आवडलं.

उद्या अकोला. जठारपेठेत एक एम्ब्रॉयडरीची मशीन बंद पडली आहे.

४ एप्रिल

बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि झोपलो. उठलो तर शेगाव, अकोला मागंच राहिलं. आलोच आहे तर कचोरी खाल्ली, दोन प्लेट. तिथं एक माणूस भेटला, तो ड्रोननं शेतात फवारणी करतो. त्याच्याशी बोलत बसलो. त्याला पोरं पाहिजेत कामाला. नंबर घेतला.

जठारपेठेत पोचलो तेव्हा ऊन असं होतं की दुकानाचं शटर हाताला चटका देत होतं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, मागं अंगण, अंगणात लिंबाचं झाड. मशीन खोलीभर. सुरतेहून जुनी आणलेली. चालवतात खुशालराव, म्हातारे आहेत, सदऱ्याच्या खिशाला सुया टोचलेल्या. हिशोब, गिऱ्हाईक सगळं त्यांची सून शकुनवहिनी पाहते. मुलगा सुरतेला साडीमार्केटात आहे, दिवाळीला येतो. तिसऱ्या माणिकबाई, त्या खाली बसून कापडाचे धागे कापतात आणि सगळ्यांचं ऐकतात.

वहिनीनं सरळ सांगितलं. शाळेच्या खिशावरच्या बिल्ल्यांची ऑर्डर आली आहे, शाळा उघडायच्या आत द्यायची. मशीन नाही चालली तर ती भंगारात देणार आणि खोली क्लासवाल्याला भाड्यानं. क्लासवाला दोनदा माप घेऊन गेला.

"बापा, हे मशीन गेलं की हे कोठी बसतीन, हा मले प्रश्न आहे," ती म्हणाली. हे म्हणजे सासरे. ते समोरच होते, पण दोघंही असे की जणू तिसऱ्याबद्दल बोलणं चाललंय.

मी म्हटलं, एकदा चालवून दाखवा. खुशालराव उठले, हात धुतले. उदबत्ती लावली, मशीनला ओवाळली. मग कपाटातून फ्लॉपी काढली, तिला हळद-कुंकू वाहिलं, कपाळाला लावली आणि ड्राइव्हमध्ये सारली. इतकं सावकाश की मला मध्येच चहा आला. आम्ही दसऱ्याला विळ्या-कुऱ्हाडींना कुंकू लावतो तसं, पण इथं रोज. ड्राइव्ह खरखरली आणि गप्प झाली.

"पहिले एका घासात खाये," ते म्हणाले. ते तिला मशीनचं तोंड म्हणतात.

मी मशीनचा खोका उघडून ड्राइव्हची तारांची पट्टी काढून परत लावली. तर दिवा जो पेटला तो पेटलाच. मला वाटलं सुधारली. खुशालराव चष्म्यावरून पाहत होते. म्हणाले, "पट्टी उलटी लागली पोरा. दिवा सतत जळून राह्यला ना, तं समजजो, ते काहीच नाही वाचून राह्यली. खाते तवाच दिवा लागते, खाऊन झालं का विझते."

सुलटी लावली. आता डोकं दुखतंय. कचोरी असावी.

५ एप्रिल

आज झालं. पहिलं काम जे मी सुरू करून त्याच दुकानात संपवलं.

जुनी ड्राइव्ह बाहेर काढून झाकण उघडलं आणि मला हसूच आलं. आत सगळं लालपिवळं. फ्लॉपी वाचायचं जे टोक असतं, त्यावर कुंकवाचा थर. तेल आणि कुंकू मिळून मेण झालेलं. वर्षानुवर्षं रोज चिमूट चिमूट आत गेलं, कोण वाचील? मी ती ड्राइव्ह सगळ्यांना दाखवली. म्हटलं, काकाजी, हे पाहा, तुमच्या पूजेनंच मारली हिला.

माणिकबाईची कात्री थांबली. वहिनी म्हणाली, चहा ठेवते, आणि गेली. चहा नुकताच झाला होता.

खुशालरावांनी ड्राइव्ह हातात घेतली, जरा पाहिली, खाली ठेवली. मी नवीन डबी बसवली, आज पट्टी पहिल्याच झटक्यात सुलटी. ज्या फ्लॉप्या अजून वाचता येत होत्या त्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरल्या. डबीवर दोन बटणं आहेत आणि छोटासा आकडा दिसतो. आकडा म्हणजे फ्लॉपी. शाळेच्या बिल्ल्याची फ्लॉपी निघाली, हे नशीबच. मशीन धडधडायला लागली तेव्हा कापडावर आधी सूर्य उमटला, मग पुस्तक. शकुनवहिनीनं तोंडाला पदर लावला. मला वाटतं आनंदानं.

खुशालराव तेव्हा खोलीत नव्हते. मागं अंगणात गेले असतील.

परत येताना अमरावतीत गिला वडा खाल्ला. काम पुरं केलं की भूक वेगळीच लागते.

७ एप्रिल

मामाला सगळं सांगितलं. कुंकवाचा भाग तर दोनदा. मामा हसला नाही. म्हाताऱ्याचं तोंड कसं झालं तेव्हा, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाहिलं नाही, मी पट्टी लावत होतो.

मामा म्हणाला, बरं.

हे त्याचं बरं मला नाही आवडत.

१६ एप्रिल

शेगावच्या ड्रोनवाल्याकडे जाऊन आलो. ड्रोन उडवू देत नाही, फक्त औषधाची टाकी भरू देतो. सध्या राहू द्या म्हटलं.

शकुनवहिनीचा फोन. मला वाटलं, गेली मशीन. पण मशीन चांगली आहे. ती विचारत होती की जुनी ड्राइव्ह परत बसवता येते का. असं कोणी विचारतं का? मी समजावून सांगितलं की ती मेलेली आहे. ती म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, मामाजी, म्हणजे तिचे सासरे, त्या दिवसापासून दुकानात येत नाहीत. अंगणातच बसतात. जेवायला हाक मारली तर मागच्या दारानं घरात जातात, दुकानातून जात नाहीत. कापड फ्रेमवर ताणून द्यायचं काम त्यांचं होतं, ते आता तिला करावं लागतं, आणि मशीनपाशीही तिलाच उभं राहावं लागतं. एकटीच्यानं होत नाही. आठवड्याचं काम निम्मं होऊन राहिलं. असंच चाललं तर शाळा उघडेल आणि बिल्ले दुकानातच.

"मशीन सुरू झाली भाऊ, अन् माणूस बंद पडला," म्हणाली.

मी म्हटलं, येतो. पण माझं यात काय काम, ते मला कळलं नाही. मी डबीवाला आहे.

२० एप्रिल

आज अकोल्यालाच उतरलो. झोपलो नाही.

खुशालराव लिंबाखाली खाटेवर होते. समोर फ्लॉप्यांचा डबा, त्या एकेक काढून फडक्यानं पुसत होते. कुंकू निघत नाही, प्लास्टिकला रंग धरलाय. मला पाहून पहिला प्रश्न, जेवला का. मी हो म्हटलं. खोटं होतं. त्यांनी सुनेला हाक मारून भाकर आणि ठेचा आणवला. मी खाऊन होईपर्यंत ते फ्लॉप्या पुसत राहिले.

मग मी म्हटलं, काकाजी, चला ना दुकानात, नवीन फार सोपी आहे, बटण दाबलं की झालं.

"माह्याच हातानं मेली ना ते?"

त्यांनी हातातली फ्लॉपी खाली ठेवली.

"मी तिले रोज जेवू घालून राह्यलो होतो असं मले वाटे. अन् तिच्या नरड्यात मातीच घालून राह्यलो होतो. आता नव्या मशीनले माह्या हात नको लागाले. शकुनचं दुकान आहे, तिचं चांगलं चालू द्या."

म्हटलं, मशीन तीच आहे, फक्त डबी नवीन आहे. ते म्हणाले, "तिले तोंड नाही. मी पाह्यलं. मी तिले देऊ काय अन् कोठून?"

निघताना माणिकबाई दारात बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मी खोटं तर नाही ना बोललो? त्यांनी धागा दातानं तोडला. "खरंच बोलला बापा तू. पण ताटावर बसलेल्या माणसाले उठवून थोडी सांगतेत, का भाजी खराब हाय म्हणून. हात धुऊ देतेत."

गाडीत हेच डोक्यात होतं. खरं बोलायचं नाही तर मग दुरुस्ती कशी करायची? ड्राइव्ह का मेली हे सांगावंच लागतं. पण हसायची गरज होती का, असंही वाटलं. हसलो होतो, हे कालपर्यंत मला आठवत नव्हतं.

३० एप्रिल, तेल्हारा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी आलो. आईनं पुरणपोळी केली. बापानं सकाळीच वावरात नेलं.

मागच्या साली विहिरीवरची मोटर जळाली, नवीन बसवली. बापानं नव्या मोटरला झेंडूचा हार घातला. मग झोपडीत गेला. तिथं जुनी मोटर पोत्यावर पडून आहे, गंजलेली, कामाची नाही, भंगारवाल्यालाही दिली नाही. तिलाही एक हार घातला, छोटा. मी म्हटलं, हिला कावून?

बाप म्हणाला, "तिनं पाणी नाही पाजलं का?"

एवढंच, आणि बिडी पेटवली. घरी येऊन जेवायला बसलो. मग एकदम घाई झाली मला. पोळी अर्धी सोडून निघालो. आई म्हणाली, आता काय सोडून पळून राह्यला? मी म्हटलं, सोडून नाही, पुरं करायला चाललो.

१ मे, राजापेठ

दुकान बंद होतं पण मामाकडून किल्ली घेतली. कुंकवाची ती ड्राइव्ह मी आणून ठेवली होती, मामाला दाखवायला. स्पिरिट आणि कापसानं पुसली. आतून स्वच्छ झाली पण वाचत तर नाहीच, टोक घासून गेलंय. काही हरकत नाही. मागच्या दोन पिना तारेनं जोडल्या आणि फक्त करंट दिला. दिवा लागला. हिरवा, छान.

मामा आला, मागं उभा राहिला. मला वाटलं, बोलणार, हे काय खेळणं करून राहिलास. त्यानं आतून पत्र्याची एक चांगली पट्टी काढून दिली, ड्राइव्ह बसवायला. म्हणाला, भोकं सरळ पाड.

२ मे

बसवली. मशीनच्या खोक्याला, डबीच्या बरोबर खाली. डबी काम करते, ड्राइव्ह नुसती आहे. वहिनीला सांगितलं, तिनं मान हलवली. माणिकबाईंना सांगितलं नाही, तरी त्यांना कळलंच.

मग अंगणात गेलो. जे बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. काकाजी, माझी चूक झाली. नवी डबी एकटी नीट चालत नाही. तिला आधी जुनी ड्राइव्ह लागते. जुनीत फ्लॉपी टाकली की मग नवी सुरू होते. मी साफ करून आणली आहे. फक्त कुंकू फ्लॉपीला नको, मशीनला वरून लावा.

ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तू तेल्हाऱ्याहून आला का आज?"

म्हटलं, अमरावतीहून. परवा तेल्हाऱ्याहून.

"सणाच्या दिसाचा निघाला घरून?"

मी हो म्हटलं. ते उठले. पाण्याच्या टाकीपाशी हात धुतले, खूप वेळ. मग दुकानाच्या दारातून आत आले. वहिनी फ्रेमपाशी होती, ती बाजूला सरकली, जशी नेहमी सरकत असेल.

त्यांनी ड्राइव्हकडे पाहिलं. दिवा सतत जळत होता. बराच वेळ पाहिलं. मग बोट लावलं तिला, दिव्यावर, जसं लहान पोराच्या नाकाला लावतात.

"बरी बसवली पोरा," म्हणाले. "भोकंबी सरळ पडली."

फ्लॉपी कपाळाला लावून आत सारली. मी डबीवरचं बटण दाबणार, तर त्यांनी स्वतःच दाबलं. कोणतं दाबायचं ते मी सांगायच्या आधी. अंगणातून मशीनचा आवाज ऐकून अंदाज आला असेल. सूर्य उमटला, पुस्तक उमटलं.

म्हातारा फसला! मशीन फसवायची ते एक, पण माणूस फसवणं कठीण काम. गिला वडा.

९ जून

वऱ्हाडात ऊन काही कमी होत नाही. बिल्ले पुरे होऊन गेले, वहिनीनं फोनवर सांगितलं. क्लासवाल्याला तिनं दुसरी खोली दाखवली.

खुशालराव मला दर सोमवारी बोलावतात. म्हणे जुनी ड्राइव्ह साफ करून जात जा. मी उघडतो, फुंकर मारतो, बंद करतो. आत काहीच नसतं, कुंकवाचा कणही नाही. फ्लॉपीवरही नवं कुंकू नाही. तेवढं त्यांनी माझं ऐकलं. मग जेवण. आज भरलं वांगं होतं. तिथं गेलो की ते विचारतात, ह्या हप्त्यात काय काय काम केलं, आणि मी सांगतो. मामापेक्षा जास्त विचारतात. रिकामी ड्राइव्ह साफ करायला जातो याचं मला मनात हसू येतं. माणिकबाई तर उघड हसतात. कोणाला हसतात ते कळत नाही.

१६ जून

थोडा घोटाळा झाला. पोचलो तर खुशालराव म्हणाले, दिवा विझला. पाहिलं तर मागची तार निघाली होती. मी गडबडलो, म्हटलं, अरे, मग तर सकाळपासून मशीन बंद असेल.

"हाव ना," ते म्हणाले. "तुहीच वाट पाहून राह्यलो."

पण टोपलीत टॉवेलांचा ढीग होता, कोपऱ्यावर हॉटेलाचं नाव नुकतंच काढलेलं, आणि मशीन हाताला गरम लागली. मी विचार केला, कालचे असतील टॉवेल. आणि जून महिन्यात कोणतं लोखंड गरम नसतं.

तार घट्ट बसवली. दिवा लागला. त्यांचं समाधान झालं. "आता कसं बरं वाटते," म्हणाले. वहिनी तिकडे तोंड करून हसत होती, तिला काही वेगळं आठवलं असेल.

२३ जून

शाळा उघडली. स्टेशनवरून येताना पोरं दिसली, कडक नव्या सदऱ्यात, खिशावर सूर्य. एकाला थांबवून मी तो जवळून पाहिला. पोरगं घाबरून पळालं.

मामानं दुसरं काम सांगितलं, परतवाड्याला, मोज्यांची मशीन. तीही फ्लॉपीच मागते. म्हणाला, अकोल्याचं काम संपलं ना?

म्हटलं, नाही, दर सोमवारी जावं लागतं. ती ड्राइव्ह माझ्याशिवाय चालत नाही.

मामा म्हणाला, बरं. आजचं बरं चांगलं वाटलं.

खुशालरावांना परतवाड्याचं सांगितलं. त्यांनी सगळं विचारलं. मशीन केवढी, मालक कोण, म्हातारा आहे का. मग म्हणाले, तुझा स्क्रू खोलायचा पेचकस दे. दिला. त्यांनी उदबत्ती लावली, मशीनला ओवाळली, आणि हळदकुंकवाची दोन बोटं माझ्या पेचकसाच्या मुठीला लावली. मशीनला लावली नाहीत आज.

मी म्हटलं, काकाजी, हे कावून?

"उघडायच्या आधी मालकाचं तोंड पाहत जाय," एवढंच म्हणाले, आणि भाकर वाढायला सांगितली.

गाडीत पुसणार होतो. मूठ निसटते त्यानं. पुसलं नाही.